पिवळ्याची पूर्वकथा

आप्पा, मी तुम्हांला कधी पत्र लिहिलं नाही. शिरूरला शाळेत शिकवायला लागल्यापासून दर शनिवारी दुपारची एसटी धरून मी दौंडला यायचे, आणि ज्या शनिवारी जमायचं नाही त्या शनिवारी तुम्ही कोपऱ्यावरच्या पीसीओतून फोन करून ‘बरं हाय ना? मग ठेवतो’ एवढंच बोलायचात. पत्र लिहिलं असतं तरी ते तुम्ही दुसऱ्याकडून वाचून घेतलं असतंत, आणि मग त्यात पदरची चार वाक्यं घालून गल्लीला ऐकवलं असतंत. ती चार वाक्यं माझ्या पत्रापेक्षा बरी असती हेही मला माहीत आहे. शिरूरहून दौंडला एसटी अजून जाते, पण तुम्ही आता तिच्या रस्त्यावर राहत नाही. म्हणून बसून लिहिते आहे. विषय तुमचा पिवळ्या. त्याच्या बाबतीत मी तुमच्याशी खोटं बोलले होते, एकदा चारचौघांत आणि एकदा आपण दोघंच असताना, आणि त्यापायी तुमची एक सवय सुटली. सवय चांगली होती.

हल्ली लोकांना सांगावं लागतं की ड्रेपरी म्हणजे काय. नाटकांचे, सोंगांचे कपडे भाड्यानं द्यायचं दुकान, असं सांगितलं की ते मान हलवतात आणि मनातल्या मनात लग्नाची शेरवानी बघतात. आपल्या दुकानात शेरवानी नव्हती. राजे होते, मावळे होते, ऋषी होते, एक पोलीस होता, पंख झडलेल्या तीन पऱ्या होत्या, आणि राक्षस भरपूर होते, कारण तुमचं म्हणणं होतं की देवाचं काम नुसत्या पीतांबरावर भागतं, राक्षसाला मात्र शिवावं लागतं. डिसेंबर लागला की राहू, वरवंड, केडगाव, कुठून कुठून गॅदरिंगची पोरं आणि त्यांचे गुरुजी यायचे. बाहेर टेम्पो सुरूच असायचा. आणि तुम्ही आत त्या पोराला स्टुलावर बसवून विचारायचात, ‘काय पायजे?’

‘राक्षस.’

‘राक्षस हाय एवढं कळलं. पर का हाय?’

‘का म्हंजी? गुरुजींनी सांगितलंय.’

‘गुरुजींनी सांगितलं म्हणून राक्षस झाला व्हय त्यो?’

गुरुजी घड्याळ बघायचे. टेम्पोवाला हॉर्न द्यायचा. तुम्ही सावकाश त्या राक्षसाला मागच्या जन्मी कुणाचा शाप लागला, का लागला, त्यात त्याची चूक किती आणि शाप देणाऱ्याची किती, सगळं सांगायचात. मग त्या पोराकडून वदवून घ्यायचात. ते अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून. पाठ झाल्याशिवाय कपडा हातात नाही. ‘कपडा कुनालाबी बसतो,’ तुम्ही म्हणायचात, ‘सोंग न्हाई बसत. त्येचं दुखणं ठावं नसंल तर गडी नुसता वरडतो.’ मी तेव्हा पुण्याला कॉलेजात संस्कृत घेऊन शिकत होते आणि सुट्टीला आले की शिकलेलं सगळं दुकानात सांडून ठेवायचे. तुम्हांला सांगितलं होतं, आमच्या शास्त्रात याला प्रतिनायक म्हणतात. तुम्ही ओठांत धरलेली टाचणी काढून म्हणालात, ‘म्हंजी व्हिलनच की.’ म्हटलं हो. ‘मग पैसं घालून नवं नाव कशाला घ्यायला गेलीस पुण्याला?’

पिवळ्या आला तो नव्वदच्या पुढची पाचसहा वर्षं उलटल्यावर. केडगावच्या एका शाळेला गॅदरिंगमध्ये काहीतरी ‘नव्या पद्धतीचं’ हवं होतं. त्यांच्या एका सरांनी स्टेशनवरच्या स्टॉलवरून घेतलेलं एक कॉमिक आणलं. परदेशी चित्रकथा, हिंदीत केलेली, पहिली पानं गेलेली. त्यातला नायक आणि त्यातला खलनायक एवढं पाहिजे म्हणाले. नायकाची तुम्हांला काळजी नव्हती. घट्ट पायजमा आणि पाठीला पडदा, जगातला कुठलाही नायक एवढ्यात भागतो. खलनायकाशी मात्र तुम्ही दोन दिवस बसलात. मी त्याचे संवाद तुम्हांला वाचून दाखवत होते आणि तुम्ही चित्रांवर नाक टेकवून बघत होतात. तोंड झगझगीत पिवळं. मानेमागं पंख्यासारखी उभी कॉलर. आणि छातीवर गोल, काचेचं, कडेनं पितळ असलेलं काहीतरी. 

हे पिवळं तोंड ही छापखान्याची चूक होती हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. मूळ चित्रात तो हिरवा आहे. आपल्या अंकात निळी शाई लागलीच नसावी. हिरव्यातून निळं काढलं की पिवळं उरतं. खरं तर त्याच दिवशी कळायला हवं होतं, कारण त्या अंकात आकाशही पांढरं होतं आणि समुद्रही, पण दौंडमध्ये उन्हाळ्यात आकाश पांढरंच असतं, त्यामुळे आपल्याला त्यात वावगं काही वाटलं नाही. छातीवरचं ते गोल म्हणजे कसल्याशा यंत्राचं मीटर होतं. तुम्ही बघितलंत आणि क्षणाचाही विचार न करता म्हणालात, ‘रेल्वेचा कंदील.’ रेल्वेच्या गावात काचेची गोल वस्तू दुसरी असणार कुठली? भंगारवाल्याकडून तुम्ही एका जुन्या हातकंदिलाची काच पैदा केलीत आणि पट्ट्यावर बसवलीत. कॉलर ताठ उभी राहावी म्हणून आत डॉक्टरांकडच्या टाकाऊ एक्स-रेच्या फिल्मा घातल्यात, त्यामुळे पिवळ्या उजेडाकडे पाठ करून उभा राहिला की त्याच्या मानेमागं कुणाचा तरी मोडलेला हात दिसायचा. तोंडाला सफेदा, पिवडी आणि खोबरेल. आमच्या शास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांतला आहार्य म्हणजे वेषभूषेचा, आणि तो बिचारा नेहमी तिसरा येतो. तुमच्या दुकानात तो पहिला यायचा आणि बाकीचे तीन त्याच्या मागं रांगेत उभे राहायचे.

कपडा झाला, पण तुम्ही तो देईनात. ‘हा असा का झाला, त्ये कुठं हाय?’ म्हटलं, आप्पा, ती पानं फाटली आहेत. ‘मग तू शोध की.’ कुठं शोधू? स्टॉलवर दुसरी प्रत नव्हती. तुम्ही कॉलरीची कड शिवत होतात. तिसऱ्या दिवशी सकाळी, मी चहा घेऊन आले तर मान वर न करताच सांगायला लागलात.

‘ह्यो गडी टेसनावर कंदीलवाला व्हता. रोज सांजच्याला शिडी घिऊन सिग्नलवर चढायचा, काच पुसायचा, वात कापायचा, तेल घालायचा. तीस वर्सं. त्येच्या दिव्यावर गाड्या चालायच्या, पर गाडीतल्या एका माणसानं कवा त्येचं तोंड बघितलं न्हाई. मग वीज आली. सायब म्हणला, उद्यापास्नं येऊ नगंस. त्यो म्हणला, सायब, आजच्याला तरी लावू द्या. सायब म्हणला, बटन दाबलं की लागतोय. तवा त्यो घरला गेलाच न्हाई. कंदील छातीला बांधला आन् गावातलं समदं दिवं घालवत सुटला.’

‘आणि तोंड पिवळं कशानं?’

‘तीस वर्सं दिव्याकडं तोंड करून उभा व्हता. उजेड मुरला.’

मी तेव्हा हसले होते. आप्पा, मी आयुष्यभर पूर्ववृत्तं शिकवत आले आहे, कुणाचा शाप, कुणाचं वरदान, कुणाच्या मागच्या जन्मीचं काय. पण ‘उजेड मुरला’ इतकं नेमकं कारण मला कुठल्या टीकाग्रंथात सापडलेलं नाही. आपल्या शेजारी एक मामा राहायचे, रेल्वेतून रिटायर झालेले, खरोखरीचे कंदीलवाले. ते आठवड्याभरात दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले.

‘आरं, मला व्हिलन केलास व्हय?’

‘मामा, तुमचं नाव कुठं घेतलंय?’

‘नाव न घेता समद्या गावाला कळलं की.’ मग पायरीवर बसले, तंबाखू मळली. चिमूट तोंडात टाकून म्हणाले, ‘शिडीचं सांगतोस न्हवं? सोळा पायऱ्यांची व्हती.’

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही शिडी सोळा पायऱ्यांची केलीत.

पाचसहा डिसेंबर पिवळ्यानं गाजवले. तालुक्यातल्या निम्म्या पोरांना त्या कॉमिकचं नावही माहीत नव्हतं, पण पिवळ्या माहीत होता, त्याची शिडी माहीत होती. कुठल्याशा शाळेत पिवळ्याला मारल्यावर पहिल्या रांगेतल्या बाया डोळ्यांना पदर लावून बसल्या आणि नायकाला टाळ्याच पडल्या नाहीत, म्हणून तिथल्या सरांनी तुमच्याकडे येऊन तक्रार केली होती. तुम्ही त्यांना म्हणालात, ‘नायकाला कुनीतरी इचारा की, तू का नायक झालास म्हणून.’

मग सिनेमा आला. तोवर मी शिरूरला लागले होते. दुसरंच वर्ष होतं, अजून कायम व्हायचे होते. सिनेमा त्याच कॉमिकवरचा, इंग्रजी, आणि हिंदीतही केलेला. पोरांच्या वह्यांवर त्याची स्टिकरं आली आणि त्यांत आपला पिवळ्या कुठं ओळखूच येईना. सिनेमावाल्यांनी त्याला नखशिखान्त काळा केला होता. काळा चामडी कोट, तोंडावर लोखंडी मुखवटा, कॉलर गेली, छातीवरची काच गेली. आणि मूळही बदललं होतं. आता तो मोठा शास्त्रज्ञ होता, प्रयोगशाळेत स्फोट होऊन त्याचं तोंड जळलं होतं, वगैरे. मी आमच्या शाळेच्या गॅदरिंगसाठी तुमचं नाव सुचवलं, आणि आठवीच्या मुलींनी नेमकी तीच जोडी निवडली. तुम्ही दौंडहून एसटीनं ट्रंक घेऊन आलात. ट्रंकेला सुतळी बांधलेली होती. स्टँडपासून शाळेपर्यंत ती डोक्यावर घेऊन आलात आणि फाटकाशी शिपायानं अडवलं तेव्हा माझं नाव सांगितलंत.

ती दुपार मला लिहायची नाहीये, पण त्यासाठीच तर बसले आहे. सातवीच्या वर्गात रंगवायची सोय केली होती. तुम्ही बाकावर आरसा मांडलात, पिवडी कालवलीत. पिवळ्या होणारी मुलगी उंच होती, आवाज खणखणीत. तिला स्टुलावर बसवून तुम्ही नेहमीसारखं सुरू केलंत, ‘ह्यो गडी टेसनावर...’ आणि भोवतालच्या पोरी हसायला लागल्या.

‘आजोबा, तो सायंटिस्ट असतो.’

‘लॅबमध्ये ब्लास्ट होतो आजोबा, आम्ही पिक्चर बघितलाय.’

‘आणि पिवळा नसतोच मुळी. काळा असतो.’

दारात मुख्याध्यापिका उभ्या होत्या, आणखी दोन शिक्षिका होत्या. त्यांच्यातली एक मला हळूच म्हणाली होती, ‘हे तुझे वडील?’ तिचा सूर वाईट नव्हता. मला तो तसा ऐकू आला, तो माझा दोष. तुम्ही ब्रश तसाच धरून माझ्याकडे वळलात. ‘काय गं, पोरी काय म्हणत्यात? तू सांग. तू शिकलेली हायस.’

मी म्हणाले, ‘बरोबर म्हणतात, आप्पा. तो शास्त्रज्ञच आहे. कंदीलवाला तुम्ही रचलेला. त्याला कसलाच आधार नाही. आमच्यात त्याला अप्रमाण म्हणतात.’

आमच्यात म्हणाले. तुमचं नि माझं घर एक, गल्ली एक, आणि मी ‘आमच्यात’ म्हणाले.

‘असंल,’ तुम्ही म्हणालात. एवढंच. त्या मुलीचं तोंड पिवळं रंगवलंत, कारण दुसरं काही आणलेलंच नव्हतं. कॉलर चढवलीत, पट्टा आवळलात आणि हात पुसलेत. ती बिचारी वाट बघत बसली होती. ‘आजोबा, मग ह्याचं काय झालेलं असतं?’ तुम्ही ट्रंक बंद करत म्हणालात, ‘तुझ्या बाई सांगतील.’ ती माझ्याकडे आली. ‘बाई, हा वाईट का झाला?’ म्हटलं, स्फोट झाला म्हणून. ‘पण स्फोट झाला म्हणून कुणी वाईट का होईल?’ म्हटलं, वेळ झालीय, जाऊन उभी राहा. स्टेजवर ती नुसती ओरडली. पोरांमधून कुणीतरी ‘ए कावीळ’ म्हणालं आणि मग शेवटपर्यंत हशा थांबला नाही. तुम्ही विंगेत ट्रंकेवर बसला होतात. चहा घेतलात, मुख्याध्यापिकांना नमस्कार केलात, संध्याकाळची एसटी धरलीत. 

तीनएक आठवड्यांनी शनिवारी आले तर दुकानात तुम्ही काळं रेक्झिन कापत होतात. 

‘हे काय?’

‘बघून आलो.’

‘काय बघून आलात?’

‘तुझा पिक्चर. शटलनं गेलो पुण्याला, हिंदीतला बघितला.’ तुम्ही, आप्पा, ज्यांनी डोळ्यांच्या ऑपरेशनला पुण्याला जायचं तीन वेळा टाळलं, ते तुम्ही दुकानाला कुलूप लावून पिक्चर बघायला गेला होतात, कारण मी म्हटलं होतं की तुमच्या गोष्टीला आधार नाही. आणि आल्यावर तुमच्या बोलण्यात राग कुठंच नव्हता. एखाद्या शिंप्यानं दुसऱ्या शिंप्याचं काम उलटसुलट करून बघावं तसं तुम्ही त्या सिनेमाचं बोलत होतात. ‘काळा केला त्ये बरं केलं त्येंनी. आपलं पोरगं लांबनं दिसतं, स्टेजावर. त्येंचं तोंड एवढं पडदाभर येतं. पिवळं ठिवलं असतं तर काविळीचा पेशंट वाटला असता. तुझ्या शाळेतली पोरं काय खोटं बोलली न्हाईत.’ मग रेक्झिनला दुमड घालता घालता म्हणालात, ‘आन् कॉलर काढली त्येबी बरोबर. गडी पळतो लई. कॉलर घालून पळायचं म्हंजी पतंग व्हायचा.’

‘आणि ते शास्त्रज्ञाचं?’ मी विचारलं. मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं की मी बरोबर होते. माणूस किती हावरा असतो.

‘त्येंच्याकडं लॅबोरेटरी व्हती, म्हणून लॅबोरेटरीत जळला. आपल्याकडं टेसन व्हतं.’ सुईत दोरा ओवलात. एकदा चुकला, पुन्हा ओवलात. ‘पर शेवट चांगला केलाय. मरताना त्यो मुखवटा काढतो, आन् हिरोला म्हणतो, माझ्या घरी कळवू नगा. तिथं तुला कसं वाटलं?’

मी म्हणाले, ‘हो, तिथं वाईट वाटलं मला.’

तुम्ही सुई रेक्झिनमध्ये टोचून ठेवलीत आणि माझ्याकडे बघितलंत. चष्म्यावरून. ‘वाटायचंच,’ म्हणालात, आणि पुन्हा शिवायला लागलात.

तर ते खोटं हे, आप्पा. मी तो सिनेमा बघितलेला नव्हता. तेव्हा नव्हता, आणि शाळेत तुम्हांला चारचौघांत अप्रमाण म्हटलं तेव्हाही नव्हता. शुक्रवारच्या पुरवणीत त्याच्यावर आलेला मजकूर वाचला होता, तोही वरचा अर्धा, कारण खालच्या अर्ध्यात कुणीतरी स्टाफरूममध्ये भजी बांधून आणली होती. पाच वर्षं मी ज्या शास्त्रात घालवली त्याचा पहिला धडा असा की मूळ ग्रंथ स्वतः पाहिल्याशिवाय दुसऱ्याच्या पाठाला बोल लावू नये. तो धडा मला शंभरपैकी ऐंशी मार्कांइतका येत होता.

त्यानंतर तुम्ही चारपाच वर्षं दुकान चालवलंत. काळा पिवळ्या खूप गेला. पोरं यायची, मुखवटा तोंडाला लावून बघायची, घेऊन जायची. टेम्पोला थांबावं लागत नव्हतं. गुरुजी खूश होते. एका शनिवारी मी विचारलं, आता गोष्ट नाही सांगत? तुम्ही म्हणालात, ‘बघितलेला असतो त्येंनी पिक्चर.’ राक्षसांचंही सांगणं बंद झालं होतं, ऋषींचंही. ऋषींचा तर कुठला पिक्चर आला नव्हता. मी ते लक्षात येऊनही बोलले नाही. मला वाटायचं, वय झालं, दम लागतो. कारण सापडत असलं की माणूस पुढचं शोधत नाही.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी, दिवाळीच्या सुट्टीत दुपारी तो सिनेमा टीव्हीवर लागला. फराळाचं तसंच टाकून मी बसले, जाहिरातींसकट बघितला. तुम्ही सांगितलेलं सगळं बरोबर होतं. तोंड पडदाभर येत होतं, गडी लई पळत होता. मी त्या शेवटाची वाट बघत होते. आप्पा, तो शेवट त्यात नाही. तो खलनायक एका कोसळत्या पुलाखाली जातो, मुखवट्यासकट. मुखवटा कुणी काढत नाही, तो काही बोलत नाही, घराचं नाव कुणी घेत नाही. खालून वर सरकणारी नावं संपेपर्यंत मी बसून राहिले, न जाणो, शेवटी असेल म्हणून. 

आता आम्हां संस्कृतवाल्यांची खोड तुम्हांला माहीत आहे, एका ओळीचे तीन अर्थ लावल्याशिवाय आम्हांला जेवण जात नाही. एक अर्थ असा की तुम्ही दुसऱ्याच कुठल्या सिनेमाचा शेवट याला जोडलात. हा अर्थ खरा असावा असं मला मनापासून वाटतं, कारण मग मी पकडले गेलेले नसते. पण कुठली बाही कुठल्या अंगरख्याची हे अंधारात हातानं चाचपून सांगणारा माणूस दोन पिक्चर एकमेकांत शिवणार नाही. दुसरा अर्थ असा की तुम्हांला शाळेतच संशय आला होता आणि तुम्ही मला स्टुलावर बसवून विचारलंत, जसं सगळ्यांना विचारायचात, आणि मी न अडखळता खोटं वदले. तिसरा अर्थ मला फार उशिरा सुचला. तो असा की तुम्हांला माझी परीक्षा वगैरे काही घ्यायची नव्हती. तुम्हांला एक गोष्ट सुचली होती आणि ती सांगायला आता कुणी उरलं नव्हतं. आधाराशिवाय सांगितली तर मी पुन्हा अप्रमाण म्हणाले असते. म्हणून तुम्ही ती सिनेमाच्या नावावर खपवलीत. तसं असेल तर तुमची शेवटची गोष्ट मी ऐकली, आणि ती तुमची आहे हे मला कळलं नाही. हे शेवटचे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असू शकतात. आमच्यात... आपल्यात ते चालतं.

परवा नववीच्या तासाला खलपुरुषांवरचं एक सुभाषित चाललं होतं आणि त्यावरून पोरं त्या सिनेमावर घसरली. त्याचा नवा भाग आलाय म्हणे. वर्गात एक सर्वज्ञ आहे. त्यानं सगळी वंशावळ सांगितली. पहिल्या कॉमिकमध्ये त्या खलनायकाला पूर्वकथाच नव्हती. नुसता हिरव्या तोंडाचा दरोडेखोर, कुठून आला, का आला, काही नाही. पुढं दहा वर्षांनी कुणीतरी त्याला बाप दिला, आणखी कुणी बायको दिली आणि मारली, मग सिनेमानं प्रयोगशाळा दिली. आणि आप्पा, गंमत म्हणजे सिनेमा इतका चालला की आता कॉमिकमधलाही काळा झालाय. मूळ ग्रंथानं टीकेसारखं दिसायचं ठरवलं. म्हणजे आपल्या फाटक्या अंकातल्या त्या पहिल्या पानांवर काहीच नसण्याचा पुष्कळ संभव आहे. हे ऐकून तुम्ही टाचणी तोंडातून न काढताच हसला असतात.

मी खडू ठेवला आणि वर्गाला म्हणाले, ते सगळं असू दे, पण शेवट लक्षात आहे का? पुलाखाली जाण्याआधी तो मुखवटा काढतो आणि म्हणतो, माझ्या घरी कळवू नका. खिडकीजवळच्या एका मुलीनं विचारलं, ‘मग कळवतात का, मॅडम?’ मी म्हणाले, तू सांग. ती विचार करायला लागली. तेवढ्यात सर्वज्ञ उभा राहिला. ‘मॅडम, असा सीनच नाहीये. मी चार वेळा बघितलाय.’

‘मी पण बघितलाय,’ मी म्हणाले. या वेळी तेवढं तरी खरं होतं.